समुद्रापासून दूरचा जिल्हा आणि बंदराचे लाभ

उद्योगधंदा कोठे काढावा, हा प्रश्न भांडवल, मजूर आणि वीज यांच्याइतकाच वाहतुकीशीही निगडित आहे. कच्चा माल कारखान्यापर्यंत आणणे आणि तयार माल गिऱ्हाइकापर्यंत पोचविणे या दोन्ही कामांना पैसा लागतो, वेळ लागतो आणि वाटेत मालाची घटही होते. हा भार जेथे कमीत कमी पडतो, तेथे उद्योग टिकतात व वाढतात. जगातील अनेक मोठी उद्योगनगरे समुद्रकाठी उभी राहिली त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. आपल्या राज्यात मुंबई हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हिंगोली जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. मुंबई परिसरातील बंदरे तेथून सुमारे साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर दूर आहेत. तरीही वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात हळदीला मिळणारा भाव त्या बंदरांशी जोडलेला आहे. परदेशातील खरेदीदाराने देऊ केलेल्या किमतीतून जहाजभाडे, बंदरावरील खर्च, ट्रकचे किंवा रेल्वेचे भाडे, हमाली, घट आणि व्यापाऱ्याचा नफा वजा जाता जे उरते, तेवढेच अखेर शेतकऱ्याच्या हाती पडते. बंदर-शहरातील उद्योगाला वाहतुकीचा लाभ नेमका कशामुळे मिळतो आणि त्यातील कोणता भाग दूरच्या जिल्ह्यालाही मिळविता येतो, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

अंतराचा खर्च आणि चढउताराचा खर्च

वाहतुकीचा खर्च केवळ अंतरावर ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग असतात. एक भाग अंतराप्रमाणे वाढत जातो. दुसरा भाग माल चढविणे, उतरविणे, मोजणे, साठविणे व त्याची कागदपत्रे करणे यांचा असतो. माल दहा किलोमीटर जावो की हजार किलोमीटर, हा दुसरा भाग जवळजवळ सारखाच राहतो.

वाहनागणिक या दोन भागांचे प्रमाण बदलते. ट्रक शेताच्या बांधापर्यंत येतो आणि त्याच्या चढउताराचा खर्च थोडा असतो, पण लांबच्या पल्ल्याला तो महाग पडतो. रेल्वेला स्थानकावरचा खर्च अधिक लागतो, मात्र अंतर वाढत जाते तसतशी ती ट्रकपेक्षा स्वस्त ठरते. जहाजाचा बंदरावरील खर्च सर्वांत मोठा, परंतु एकदा जहाज सुटले की एक टन माल एक किलोमीटर नेण्यास त्याच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. त्यामुळे समुद्रापलीकडील हजारो किलोमीटरपेक्षा जमिनीवरचे काहीशे किलोमीटर अनेकदा अधिक जाचक ठरतात.

बंदर म्हणजे या निरनिराळ्या साधनांची गाठ पडण्याची जागा. जहाजातून माल उतरला की तो रेल्वेत किंवा ट्रकमध्ये भरावाच लागतो. मोठ्या राशीचे लहान भाग करावे लागतात किंवा लहान भागांची मोठी रास करावी लागते. ही चढउतार टळण्यासारखी नसते. कारखाना बंदराच्या शहरातच असेल, तर जहाजातून उतरलेला माल थेट कारखान्यात जातो आणि तयार माल तेथूनच जहाजात चढतो. एक संपूर्ण प्रवास आणि त्याच्या दोन्ही टोकांची चढउतार वाचते. बंदर-शहराचा मूळ लाभ हाच होय.

याला आणखी काही लाभांची जोड मिळते. बंदरातून निरनिराळ्या देशांना नियमित जहाजे सुटत असल्याने एका जहाजात जागा मिळाली नाही, तर पुढच्या जहाजात मिळते. व्यापाऱ्याला मालाचा मोठा साठा करून ठेवावा लागत नाही आणि त्यात अडकणारे भांडवल मोकळे राहते. सीमाशुल्क कार्यालय, बँका, विमा कंपन्या, माल तपासणाऱ्या प्रयोगशाळा, गोदामे आणि जहाज कंपन्यांचे दलाल एकाच शहरात असल्याने अडचण आल्यास ती त्याच दिवशी दूर करता येते.

मुंबईची गिरणी आणि हिंगोलीची रुई

मुंबईच्या वाढीचा इतिहास या तत्त्वांवर चांगला प्रकाश टाकतो. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे रेल्वे धावली. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे वर चढली व दख्खनचे आणि वऱ्हाडाचे कापूसक्षेत्र बंदराला जोडले गेले. याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोपकडे जाणाऱ्या जहाजांचा आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा टळला. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक अशा गोद्या क्रमाने उभ्या राहिल्या. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली आणि देशाच्या अंतर्भागातून आलेल्या वाघिणी थेट गोदीच्या धक्क्यापर्यंत जाऊ लागल्या.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. तेव्हापासून गिरण्यांची संख्या वाढत गेली. यंत्रे लँकेशायरहून समुद्रमार्गे येत. सुरुवातीच्या काळात कोळसाही जहाजातून येई. चीनला जाणारे सूत याच बंदरातून रवाना होई. केवळ कापूस काय तो देशातून यावयाचा, आणि तोही निर्यातीसाठी बंदराकडे येतच होता. चार गरजांपैकी तीन समुद्राशी बांधलेल्या असल्यावर गिरणीने बंदराचे शहर निवडावे, हे स्वाभाविक होते.

हिंगोली या साखळीच्या दुसऱ्या टोकाला होती. हैदराबाद संस्थानातील हे लष्करी छावणीचे गाव कापसाची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध होते. गोदावरी खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग होण्यापूर्वी येथील रुई बैलगाड्यांतून उत्तरेकडे वऱ्हाडातील रेल्वेपर्यंत जात असे. सरकी काढणे आणि रुईच्या गासड्या बांधणे हे काम कापूसक्षेत्रातच होई. सूत काढणे आणि कापड विणणे हे काम मुंबईत होई. ही विभागणी कोणाच्या मर्जीने झालेली नव्हती. तिच्यामागे वजनाचा साधा हिशेब होता.

नागपूरचा धडा

सर्वच उद्योजकांनी मात्र बंदर निवडले नाही. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये नवी कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली, ती समुद्रापासून दूर नागपुरात. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि कापडाची देशी बाजारपेठही जवळ, असा त्यांचा विचार होता. ही गिरणी पुढे भरभराटीस आली. बंदराचा लाभ सर्व धंद्यांना सारखा नसतो. कच्चा माल, इंधन आणि गिऱ्हाईक यांपैकी काय समुद्राकडून येते किंवा समुद्राकडे जाते, हे पाहूनच जागा ठरविली पाहिजे, हा या उदाहरणाचा अर्थ आहे.

कोणता माल कोठे घडवावा

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत मांडला. प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन मोठ्या प्रमाणावर घटते, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ असावा, आणि ज्याचे वजन फारसे घटत नाही, त्याचा कारखाना बाजारपेठेजवळ किंवा अन्यत्रही चालू शकतो, हे त्यातील एक मुख्य सूत्र आहे. हिंगोली जिल्ह्यातील पिकांना ते लावून पाहिले म्हणजे त्याचा उपयोग ध्यानात येतो.

शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर मिळते. उर्वरित वजन पाणी, चोथा आणि मळी यांचे असते. ऊस तोडल्यानंतर त्यातील साखरही वेगाने कमी होते. म्हणून साखर कारखाना उसाच्या शेतांमध्येच असावा लागतो. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना बंदराजवळ हलविण्याची कल्पना कोणीही करणार नाही. कापसाचेही असेच आहे. शंभर किलो कापसातून सुमारे एक तृतीयांश रुई निघते व बाकी बहुतांशी सरकी असते. रुईची गासडी दाबून बांधली की तिची जागा आणि वाहतुकीचे भाडे दोन्ही घटतात. त्यामुळे जिनिंग-प्रेसिंग गावाजवळ आणि सूतगिरणी त्यापुढे कोठेही, अशी रचना होते.

सोयाबीनमधून तेल सुमारे अठरा टक्के निघते आणि जवळजवळ ऐंशी टक्के पेंड उरते. येथे वजन घटत नाही, फक्त माल दोन भागांत विभागला जातो, आणि या दोन भागांचे ग्राहक वेगवेगळे असतात. पेंडीला देशात कुक्कुटपालनाची मागणी आहे व तिची निर्यातही होते. त्यामुळे सोयाबीनचे कारखाने उत्पादनक्षेत्रात व रेल्वेच्या सोयीने वसलेले दिसतात.

याच्या उलट उदाहरण आयात तेलाचे आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. कच्चे पामतेल जहाजाच्या टाक्यांतून बंदरात उतरते, तेथून नळाने साठवणटाक्यांत जाते आणि जवळच शुद्ध केले जाते. म्हणून अशा शुद्धीकरण कारखान्यांनी कांडला, मुंद्रा, न्हावा-शेवा यांसारख्या बंदरांचा आसरा घेतला. मुंबईत ट्रॉम्बे येथे १९५४-५५ मध्ये खनिज तेलाचे दोन शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, त्यामागेही हेच कारण होते. कच्चा माल समुद्रातून येतो तेव्हा बंदर हीच त्याची खाण ठरते.

हळदीच्या बाबतीत हा हिशेब अधिक बोलका आहे. ओली हळद शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून हळकुंडे तयार होतात, तेव्हा वजन मूळच्या सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश राहते. शंभर क्विंटल ओली हळद बंदराकडे नेली, तर त्यातील पंचाहत्तर ते ऐंशी क्विंटलांचे भाडे केवळ पाण्यासाठी आणि टरफलासाठी भरल्यासारखे होईल. शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे ही कामे शेतावर व गावात होतात ती याचमुळे. हळदीतील कुरकुमिन हा घटक वाळलेल्या हळदीच्या वजनात जेमतेम काही टक्के असतो. तो वेगळा काढण्याचा कारखाना जिल्ह्यातच झाला, तर वाहतुकीचे ओझे आणखी कितीतरी पटींनी कमी होईल आणि मूल्य मात्र वाढेल. त्यासाठी द्रावके, कुशल रसायनतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा लागतात. म्हणजे येथे अडचण वाहतुकीची नसून ज्ञानाची व सोयींची आहे.

हळद पूड करून लहान पाकिटांत भरण्याचे काम निराळे आहे. त्यात वजन घटत नाही. पाकिटे जागा अधिक व्यापतात, आणि पुडीचा रंग व वास अखंड हळकुंडापेक्षा लवकर उतरतो. गिऱ्हाइकाची पसंती आणि त्या देशाचे नियमही वेळोवेळी बदलतात. असे काम बाजारपेठेजवळ किंवा बंदराजवळ असणे सोयीचे ठरू शकते. प्रत्येक प्रक्रिया आपल्याच गावात व्हावी, असा आग्रह सर्वत्र फायद्याचा ठरतोच असे नाही.

कंटेनरने बदललेले गणित

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका साध्या लोखंडी पेटीने बंदरांचे स्वरूप पालटले. १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ट्रकच्या आकाराच्या पेट्या नेल्या. पुढे वीस व चाळीस फूट लांबीचे ठरावीक मापाचे कंटेनर जगभर रूढ झाले. पूर्वी हमाल एकेक पोते उचलून जहाजात नेत आणि एका जहाजाची भरणी कित्येक दिवस चाले. आता भरलेला कंटेनर यारीने उचलून ट्रकवरून रेल्वेवर आणि रेल्वेवरून जहाजावर ठेवला जातो. आतील मालाला कोणाचाही हात लागत नाही. त्यामुळे चोरी, भिजणे आणि पोती फाटणे हे प्रकार कमी झाले.

या बदलाचा दूरच्या जिल्ह्यांच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. चढउताराचा खर्च हेच बंदर-शहराच्या लाभाचे मूळ होते. कंटेनरने तो खर्च कमी केला आणि माल भरण्याची जागा बंदरापासून दूर नेणे शक्य झाले. भारतात १९८१ मध्ये बंगळूर येथे पहिला अंतर्गत कंटेनर डेपो सुरू झाला. १९८८ मध्ये कंटेनर वाहतुकीसाठी भारतीय कंटेनर निगम, म्हणजेच कॉनकॉर, ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. वीस फुटी कंटेनर हे एकक धरले, तर २०२४-२५ या वर्षी या बंदराने ७३ लाखांच्या आसपास कंटेनर हाताळले. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथील अधिक खोल पाण्याच्या बंदरास केंद्र शासनाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे.

हिंगोलीची वाट

हिंगोलीच्या लोहमार्गाचा इतिहास चढउताराच्या प्रश्नाचा उत्तम वस्तुपाठ आहे. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग १९०१ च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली ही शाखा सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर हिंगोली-खंडवा जोडमार्गाने ती उत्तरेकडील मीटरगेज जाळ्याला मिळाली. पण मुंबईकडे जाणारा मुख्य मार्ग ब्रॉडगेज होता. हिंगोलीहून निघालेल्या गासड्या मनमाडला एका गाडीतून उतरवून दुसरीत भराव्या लागत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतानाच वाटेत जणू आणखी एक बंदर आडवे येई, आणि तेथे बंदराचा लाभ कोणताच नसून केवळ त्याचा खर्च पदरी पडे. नव्वदच्या दशकात मनमाडकडील मार्ग रुंद झाला आणि २००८ मध्ये पूर्णा-हिंगोली-अकोला मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले. आता हिंगोलीत भरलेली वाघीण मध्ये कोठेही न उतरविता बंदरापर्यंत जाऊ शकते. ही सोय निर्माण होण्यास जवळजवळ एक शतक लागले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रस्त्यांच्या बाबतीत अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्याच्या मध्यातून जातो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर असून त्याचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा मार्ग हिंगोली जिल्ह्यातून जात नाही, परंतु शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून आणि जालन्याजवळून जातो. जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची योजना आखण्यात आली आहे. मुंबईत १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू सुरू झाला, त्यामुळे मुंबई आणि न्हावा-शेवा परिसर एकमेकांच्या जवळ आले आहेत.

जालन्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या वतीने तेथे ड्रायपोर्ट उभारण्याची योजना असून तिची कोनशिला २०१५ मध्ये बसविण्यात आली. छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाडा येथे कॉनकॉरचा कंटेनर डेपो आहे. अशा ठिकाणी सीमाशुल्काची तपासणी, मोहोर आणि कागदपत्रे ही बंदरावरची कामे आधीच पार पाडता येतात. समुद्राकडे जाणारा प्रवास उरतो, पण बंदरावर अडून राहण्याचा वेळ वाचतो.

रिकाम्या कंटेनरचा प्रश्न

निर्यातीसाठी कंटेनर भरावयाचा तर आधी रिकामा कंटेनर गावात यावा लागतो. बंदराकडून तो रिकामा आणला, तर येण्याचे भाडे मालाच्या माथी पडते. बंदर-शहरातील उद्योगाला हा प्रश्न जवळजवळ जाणवत नाही, कारण तेथे आयात मालाचे कंटेनर रोज रिकामे होत असतात. अंतर्भागातील जिल्ह्याला याचे उत्तर शेजारी शोधावे लागते.

जालन्यात पोलादाचे अनेक कारखाने आहेत आणि त्यांच्यासाठी भंगार लोखंड परदेशातून कंटेनरमधून येते. आत माल घेऊन आलेले असे कंटेनर तेथे रिकामे होतात. ते बंदराकडे परत जाताना हळद, सोयाबीनची पेंड किंवा रुई घेऊन गेले, तर दोन्ही बाजूंचे भाडे कमी होते. मात्र भंगाराने खरचटलेला वा तेलकट झालेला कंटेनर खाण्याच्या मालाला चालत नाही. तो स्वच्छ करणे आणि तपासणे यांची सोय असली, तरच हा मेळ बसेल. दोन जिल्ह्यांतील उद्योगांनी एकमेकांची आवक-जावक जाणून घेतली, तर बंदर-शहराचा हा महत्त्वाचा लाभ काही अंशी मराठवाड्यातही निर्माण होऊ शकतो.

परत आलेल्या मालाचे भाडे

२०२३-२४ मध्ये देशात ३.०५ लाख हेक्टरांवर हळद होती आणि उत्पादन १०.७४ लाख टन झाले. त्याच वर्षी १.६२ लाख टन हळद व हळदीचे पदार्थ निर्यात झाले. जगातील हळदीपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतात पिकते. या व्यापारात हिंगोली जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट आणि वसमतचा बाजार येथे जिल्ह्याबाहेरूनही हळद येते. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, तर १४ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले.

परदेशी बंदरात माल नाकारला गेला, तर जाण्याचे आणि परतण्याचे असे दोन्ही प्रवासांचे भाडे वाया जाते. कीटकनाशकांचे अवशेष, शिशाचे अंश, बुरशी किंवा जास्त ओलावा यांमुळे असे घडते. हळकुंडांना आकर्षक पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेटसारखे विषारी रंग वापरण्याची घातक प्रथा काही देशांत उघडकीस आली आणि त्यानंतर तपासणी कडक झाली. मातीवर वाळविलेली हळद, नीट न वाळलेली हळद किंवा ओलसर गोदामात ठेवलेली हळद यांतून सुरू होणारा दोष सहा हजार किलोमीटरवर पकडला जातो. सिमेंटच्या ओट्यावर किंवा ताडपत्रीवर हळद वाळविणे हे साधे काम म्हणूनच वाहतुकीचा खर्च वाचविणारेही आहे.

२०१७ पासून निर्यातदाराला स्वतःच्या आवारात कंटेनर भरून त्याला इलेक्ट्रॉनिक मोहोर लावता येते. मसाला मंडळाची नोंदणी, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, धुरी दिल्याचा दाखला आणि शिपिंग बिल ही कागदपत्रे बिनचूक असली, तर असा कंटेनर बंदरावर पुन्हा न उघडता थेट धक्क्यावर जाऊ शकतो. कागदातील एका चुकीमुळे जहाज सुटले, तर पुढील जहाजापर्यंतचे भाडे व दंड मालकाला सोसावा लागतो. बंदर-शहरातील व्यापारी अशी चूक तासाभरात दुरुस्त करून घेतो. हिंगोलीच्या व्यापाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही. दूरच्या जिल्ह्याला कागदपत्रांची शिस्त अधिक काटेकोरपणे पाळावी लागते, ती यासाठी.

बंदर-शहराच्या मर्यादा

बंदराच्या लाभांनाही किंमत असते. जागा महाग होते, मजुरांना राहण्यास घर मिळत नाही, रस्ते तुंबतात आणि पाण्याची ओढ लागते. मुंबईच्या गिरण्यांना या ओझ्याचा अनुभव आला. जुन्या गोद्यांभोवती शहर दाटले आणि वाढत्या मालासाठी न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभारावे लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये झालेली स्थापना आणि १९६४ पासूनच्या सामूहिक प्रोत्साहन योजना यांचा हेतू उद्योग मुंबई-ठाणे पट्ट्याबाहेर न्यावेत हाच होता. हिंगोलीजवळ लिंबाळा येथेही औद्योगिक क्षेत्र विकसित करण्यात आले. सवलतींमुळे उद्योग येतात, पण तेथे टिकण्यासाठी वाहतुकीचा हिशेब जुळावा लागतो. वजन घटविणारे उद्योग जिल्ह्यात आधी येणे त्यादृष्टीने शहाणपणाचे आहे.

स्थानिक संस्थांपुढील काम

बंदर, महामार्ग आणि रेल्वे ही कामे मोठ्या शासकीय यंत्रणांची आहेत. परंतु शेतापासून महामार्गापर्यंतचे पहिले काही किलोमीटर ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांच्या कक्षेत येतात. पाणंद रस्ता चिखलात बुडाला तर समृद्धी महामार्गाचा वेग त्या शेतकऱ्याच्या कामी येत नाही. हळदीचा हंगाम संपून पावसाळा सुरू होण्यापूर्वी वाळविणे आणि साठविणे पूर्ण व्हावे लागते. सामाईक वाळवण ओटे, शिजविण्याचे कुकर, पॉलिशची सोय आणि कोरडी गोदामे यांना त्यामुळे विकासकामांत अग्रक्रम मिळणे उचित ठरेल. एकट्या शेतकऱ्याला कंटेनर भरता येत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था एका प्रतीचा माल एकत्र करू शकते. गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळाले, तर भाव पडलेला असताना विक्री करण्याची घाई राहत नाही.

शिक्षकांसाठी या विषयात प्रत्यक्ष अध्यापनाचे साधन आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एक क्विंटल हळदीचा प्रवास नकाशावर आखावा. ती कोठे चढविली, कोठे उतरविली, प्रत्येक ठिकाणी किती खर्च आला आणि किती घट झाली, याचा तक्ता करावा. उद्योगाची जागा ठरविण्याचे शास्त्र त्यातून सहज समजेल.

हिंगोली बंदर-शहर होणार नाही. त्याला समुद्र आणता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. बंदरावर जे काम होते त्यातील बराचसा भाग वजन घटविण्याचा, माल तपासण्याचा, भरण्याचा आणि कागद पुरे करण्याचा असतो. ही कामे वसमत, हिंगोली आणि जालना येथे नीट पार पडली, तर बंदरावर पोचलेला माल तेथे न थांबता जहाजावर चढेल आणि वाटेत वाचलेला प्रत्येक रुपया हळद उकळणाऱ्या, वाळविणाऱ्या शेतकऱ्याच्या भावात मिळू शकेल.